केरामावशीच्या बरणीतला बर्फ

“मधोमध बस गं बाय, अन् पाण्याला हात लावू नगंस. त्येला बी झोप लागल्याली असती.”

हा आवाज तीस वर्षांपूर्वीचा. माझं माहेर उजनीच्या पलीकडच्या काठाला आणि हायस्कूल अलीकडच्या. मधे धरणाचं फुगलेलं पाणी. सकाळी सातला आम्ही पाच मुली दप्तरं पोटाशी धरून केरामावशीच्या पत्र्याच्या होडीत चढायचो. ती वल्हं मारायची आणि वल्ह्याच्या तालावर गुणगुणायची:

भिवराबाई माझी सई, तिच्या पोटामंदी गाव
तिच्या पाठीवर चाले, माझ्या कुंकवाची नाव

मी नववीत असताना एका वादळात तिचा नवरा त्याच पाण्यात गेला. होडी सापडली, माणूस सापडला नाही. त्यानंतर मावशीचं गुणगुणणं थांबलं, होडी मात्र थांबली नाही. ती मासे धरायची, आम्हाला शाळेत पोचवायची, आणि दर अवसेला पहाटे पळसाच्या पानावर दहीभात घेऊन पाण्यात सोडायची. ज्याला अग्नी मिळाला नाही, त्याला निदान घास तरी मिळावा म्हणून.

मी शिकले, शिक्षिका झाले. लग्न होऊन अलीकडच्याच काठावरच्या भिवरवाडीत आले आणि तिथल्याच शाळेत विज्ञान शिकवू लागले. जिनं मला शाळेपर्यंत नेलं, तिच्याशी मी कशी वागले ते आता सांगते. सांगताना मान वर होत नाही, तरी सांगते.

मे महिन्यातला सोमवार होता. काठावर शेडनेटचा मांडव, मांडवात भोंगा आणि भोंग्यात सयाजी. जेऊरपासून जीपा भरभरून लोक आले होते. कुणाची चेन हरवली होती, कुणाच्या म्हशीचं दूध आटलं होतं, कुणाची सून माहेरून परतत नव्हती. सगळ्यांच्या सगळ्या भानगडींचा निवाडा एकच करत होता: बर्फ.

सयाजीला आता सयाजी म्हणायचं नाही, हिमनाथ महाराज म्हणायचं. दोन वर्षांपूर्वीपर्यंत हा गृहस्थ मासळीसाठी बर्फाच्या लाद्या आणणारी पिकअप गाडी चालवायचा. मांडवातल्या निम्म्या माणसांनी त्याच्याशी लादीच्या वजनावरून भांडण केलेलं होतं. मग तो वर्षभर कुठं तरी गेला आणि दाढी घेऊन आला. “बारा वर्सं हिमालयात बसलो,” असं तो सांगायचा. एका म्हाताऱ्यानं भाबडेपणानं विचारलंही, की तीन वर्षांमागं तुमी आमच्या दारात गाडी लावून चा पीत होता, ते कसं? त्यावर महाराजांच्या चेल्यानं खुलासा केला, की महाराज एका देहानं गाडी चालवत होते आणि दुसऱ्या देहानं तपाला बसले होते. म्हाताऱ्यानं हात जोडले. चहा कोणत्या देहानं प्यायला, हे विचारायचं त्याला सुचलं नाही.

निवाड्याची रीत अशी. चौरंगावर लोणच्याच्या दोन काचेच्या बरण्या, दोन्ही पाण्यानं भरलेल्या. एक तक्रार करणाऱ्याची, एक ज्याच्यावर आळ आहे त्याची. सयाजी थर्मासच्या खोक्यातून लिंबाएवढे दोन लालभडक बर्फाचे खडे काढायचा. कुंकवाचं तीर्थ गोठवलंय, म्हणायचा. दोन्ही खडे एकाच वेळी सोडायचा. ज्याचा खडा तगला तो खरा. ज्याचा आधी विरघळला आणि ज्याच्या बरणीत ‘रगत उतरलं’, तो खोटा. बरण्यांजवळ कुणी पाय आपटायचा नाही, पंखा लावायचा नाही, पोरं जवळ आणायची नाहीत. कारण बर्फ समाधीला बसलेला असतो.

“बर्फाला जात न्हाय, गोत न्हाय, पक्ष न्हाय,” सयाजी भोंग्यातून सांगत होता. “त्यो कुनाच्या घरचा चा पीत न्हाय. मंग त्यो खोटं कशाला बोलंल?”

त्या दिवशी एका बरणीमागं मच्छीमार सोसायटीचे चेअरमन हरिबा उभे होते. दुसऱ्या बरणीमागं केरामावशी. सत्तरीला टेकलेली, डोईवरचा पदर दातात धरलेली. शेजारी तिची नात अंकिता, आठवी पास झालेली, माझी विद्यार्थिनी.

आळ काय होता? पंधरवड्यामागं धरणाचं पाणी बिघडायला लागलं. आधी हिरवट, मग गडद हिरवं, मग तर काठाला रंगाच्या डब्यावर यावी तशी साय धरली. वास असा की काठावरची माणसं नाकाला रुमाल बांधून जेवायची. अवसेच्या दुसऱ्या दिवशी उजाडताना पाहिलं तर काठ पांढरा. मेलेल्या माशांची पोटं. कटला, रोहू, चिलापीसुद्धा. चिलापी गटारातही जगते, ती मेली म्हणजे साधं काम नाही, असं सगळ्यांचं मत पडलं. अवसेच्या पहाटे केरामावशी पाण्यात काही तरी सोडताना दिसली होती. सकाळी लोक म्हणाले, कुणी औषध टाकलं असेल. दुपारी म्हणाले, केराबाईनं टाकलं असेल. संध्याकाळपर्यंत औषधाची करणी झाली. अठ्ठावीस वर्षं ती तेच सोडत होती आणि अठ्ठावीस वर्षं ते सगळ्यांना ठाऊक होतं, हे कुणी बोललं नाही.

सयाजीनं खडे सोडले.

हरिबांच्या बरणीत खडा वर तरंगत राहिला. त्याच्याभोवती लाल पाण्याचं गंधासारखं वर्तुळ झालं, ते तिथंच थांबलं. मावशीच्या बरणीत खड्याखालून एक बारीक लाल धागा सुटला. तो डुलत, वळत तळाला गेला. मग दुसरा, मग तिसरा. बघता बघता पाण्यात लाल मुळं फुटली. पाच-सात मिनिटांत मावशीचा खडा बोराएवढा झाला आणि नाहीसा झाला. हरिबांचा अजून लिंबाएवढाच दिसत होता.

“रगत उतरलं,” सयाजी हळू आवाजात म्हणाला. भोंग्यानं ते गावभर केलं.

बायका कपाळाला हात लावायला लागल्या. मावशी बरणीकडं बघत राहिली. निकाल असा लागला, की तिची होडी पाण्याबाहेर काढायची, तिनं पाण्याला शिवायचं नाही, आणि पुढच्या सोमवारी सगळ्यांसमोर गुन्हा कबूल करून भुईला डोकं टेकायचं.

मी तिसऱ्या रांगेत उभी होते. पहिला लाल धागा सुटला तेव्हाच मला सगळं ठाऊक होतं. मी गप्प राहिले.

ठाऊक कसं होतं, तेही सांगते. दोन वर्षांपूर्वी पुण्याला विज्ञान शिक्षकांचं प्रशिक्षण होतं. तिथं गोव्याहून एक संशोधक आल्या होत्या, दाक्षायणी मॅडम. दोनदा दक्षिण ध्रुवाकडं जाऊन आलेल्या. त्यांनी आम्हाला विचारलं, ध्रुवावरचा बर्फ कशानं वितळतो? आम्ही सगळ्यांनी एका सुरात सांगितलं, उन्हानं. त्या हसल्या. म्हणाल्या, उन्हानं वितळतोच, पण खालून समुद्रही त्याला कुरतडतो, आणि ते आपल्याला दिसत नाही. मग त्यांनी दोन काचेचे ग्लास मागवले. एकात साधं पाणी, एकात खारं. दोन्हींत रंगीत बर्फ सोडला.

साध्या पाण्यात बर्फाचं थंड पाणी जड म्हणून खाली उतरतं, त्याच्या जागी कोमट पाणी वर येतं आणि बर्फाला खातं. खाऱ्या पाण्यात तसं होत नाही. बर्फाचं पाणी गोडं, म्हणून मिठाच्या पाण्यापेक्षा हलकं. ते खाली जाऊच शकत नाही, वरच तरंगतं. गार पाण्याची गोधडीच बर्फाच्या अंगावर पडते म्हणा ना. तिच्या उबेत, म्हणजे तिच्या गारव्यात, बर्फ जास्त वेळ टिकतो.

“ध्रुवाजवळच्या समुद्रावर अशीच गोधडी असते,” मॅडम म्हणाल्या होत्या. वारे बदलले, प्रवाह बदलले, की ती विस्कटते. खोलातलं तुलनेनं उबदार पाणी वर चढतं आणि बर्फाला तळातून पोखरतं. त्यांनी एक फोटोही दाखवला होता. उलटा केलेला बर्फाचा तुकडा, तळाशी चहाच्या कपासारखा तपकिरी. ते डाग नव्हते, जीव होते. प्लवक, पाण्यावर तरंगणाऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या वनस्पती. त्या गोड्या पाण्याच्या थरात त्यांना ऊन मिळतं आणि त्या फोफावतात. त्यांना बारीक कोळंबीसारखे जीव खातात, त्यांना मासे, पेंग्विन, देवमासे. थर जाड झाला तर तळाचं खत वर येत नाही आणि त्या उपाशी मरतात. थर मोडला तर त्या अंधारात बुडतात. त्या ग्लासाकडं बघताना मला आमचं धरण आठवलं होतं. वर शांत आणि आत इतकं सगळं.

परत आल्यावर मी तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनासाठी हाच प्रयोग बसवला. अंकिता आणि आणखी एक मुलगी बरोबर घेतली. बर्फ हवा होता, गाडी हवी होती. सयाजीनं दोन्ही दिलं, वर पैसेही घेतले नाहीत. दिवसभर आमच्या टेबलाजवळ उभा राहिला. “बाई, ह्ये असं का वो?” त्यानं विचारलं. मला किती आनंद झाला. पिकअप चालवणारा माणूस कुतूहलानं विचारतोय म्हणून मी त्याला मीठ किती, पाणी किती, बरणी का हलवायची नाही, जिलेबीचा लाल रंग गोठवला तर धागे कसे स्पष्ट दिसतात, सगळं मन लावून शिकवलं. माझ्या आयुष्यात इतका चांगला विद्यार्थी मला भेटला नाही.

तरीही मी वेळीच बोलले असते तर इतकी लाज वाटली नसती. मी बोलले नाही, त्याचं कारण फेब्रुवारीतलं आहे.

आमच्याकडं माघापासून पाणी मागं सरायला लागतं. जसजसं सरेल तसतशा ज्यानं त्यानं आपापल्या पाणी उपसायच्या मोटारी चिखलातून पुढं ढकलायच्या. एका ठिकाणी जुन्या नदीपात्राचा डोह आहे, तिथं मोटार बसवली तर जूनपर्यंत पाणी तुटत नाही. ती जागा पूर्वापार शेजारच्या कुमारभाऊजींची. यंदा माझे पती अभिमन्यू म्हणाले, आपली. बोलाचाली झाली, कॉलर धरली गेली, आणि कुणी तरी म्हणालं, महाराजांकडं जा.

मीही गेले होते. कुमारभाऊजींच्या बरणीत लाल धागा सुटला तेव्हा मी ओळखलं. यांचा खडा ऐटीत तरंगत होता. निकालानंतर गर्दी पांगताना सयाजी माझ्याजवळून गेला. थांबला, हात जोडले आणि फक्त मला ऐकू येईल असं म्हणाला, “गुरुदक्षिणा समजा, बाई.”

मी घरी जाऊन पुरणाची डाळ शिजत घातली, कारण सासूबाईंनी सांगितलं होतं. हे खुशीत होते. आमच्या उसाला मेपर्यंत पाणी मिळालं. कुमारभाऊजींची केळीची बाग एप्रिलमध्ये माना टाकून उभी होती, आणि मी शाळेत जाताना तो रस्ता टाळून लांबच्या बांधावरून जायला लागले.

मावशीच्या निवाड्यानंतर तिसऱ्या दिवशी मी तिच्याकडं गेले. होडी अंगणात उलटी टाकलेली होती. पत्रा तापून हात लावू देत नव्हता. घरात एक ट्रंक बांधलेली, तिच्यावर अंकिताची पुस्तकं सुतळीनं आवळलेली. सोमवारी डोकं टेकून झालं, की दोघी सोलापूरला जाणार होत्या, लांबच्या भाचीकडं. तिथं विड्या वळायचं काम मिळेल, म्हातारीच्या बोटांना जमेल तेवढं म्हातारी वळेल, बाकीचं अंकिता.

“अन् हिची नववी?” मी विचारलं.

मावशीनं चुलीवर आधण ठेवलं. तिनं मला चहा दिला. मग बशीकडं बघत बोलायला लागली. मला वाटलं होतं ती रडेल, शिव्या देईल, माझ्यावर आळ घेतला म्हणेल. तिनं यातलं काही केलं नाही.

“बर्फ खोटं न्हाय बोलनार, विजे. माझ्याच भाताला इख लागलं असंल. माझ्या हातातच असंल कायतरी. मला मासळीचं न्हाय वाटत गं. अठ्ठावीस वर्सं मी त्येला जेवाया घालती. त्या भातानं मासं मरत असतील, तर मी त्येला बी इखच चारलं म्हनायचं की.”

मला एक वाक्य बोलायचं होतं. मावशी, ते मीठ आहे गं, एवढंच. पण त्या वाक्याला शेपूट होतं. मीठ आहे हे तुला कसं कळलं, कधी कळलं, मग फेब्रुवारीत काय झालं, मग ती डोहाची जागा कुणाची. मी म्हणाले, “तसं नसतं मावशी,” आणि उठले.

अंकिता बांधापर्यंत माझ्याबरोबर आली. म्हणाली, “बाई, आपण प्रदर्शनात केलं होतं तेच आहे ना ते? खारं पाणी?”

“आजीला सांगितलंस?”

“सांगितलं. म्हनली, शाळंतला बर्फ येगळा, देवाचा येगळा. मांडवात बोलले तर त्या चेल्यानं मला मागं ढकललं. तुमी बोलला तर ऐकतील.”

मी तिला म्हणाले, “बघू.”

पंधरा वर्षं मी मुलांना शिकवत आले, की प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर द्यायचं असतं. पहिल्यांदा जेव्हा खरोखरीचा प्रश्न समोर आला, तेव्हा मी ‘बघू’ म्हणाले. अंकितानं मान हलवली आणि परत फिरली. तिला राग आला नव्हता, तिनं फक्त माझ्याकडून अपेक्षा ठेवणं थांबवलं होतं. ते मला तिच्या पाठीवरून कळलं.

सोमवारी मी शाळेतल्या दोन बरण्या घेऊन मांडवात गेले. यांना काही सांगितलं नाही. हे पुढच्या रांगेत बसले होते. चौरंगावर सयाजीच्या बरण्या दुसऱ्या कुणाच्या तंट्यासाठी भरून तयार होत्या. मावशी खाली उभी होती, डोकं टेकायच्या जागेकडं बघत.

मी म्हणाले, “महाराज, एक शंका आहे. केरामावशीला स्वतःची बरणी स्वतः निवडू द्या आणि पुन्हा एकदा बर्फ सोडा.”

सयाजी गोड हसला. बरण्या सिद्ध केलेल्या आहेत, त्यांची अदलाबदल केली तर बर्फाचा कोप होतो, असं त्यानं समजावलं. मग भोंगा बाजूला धरून विचारलं, “तुमच्या मोटारीला पानी बक्कळ हाय न्हवं, बाई?”

हे मागं वळून माझ्याकडं बघायला लागले. मी हरिबांकडं वळले. म्हणाले, चेअरमन, तुम्ही जन्मभर मासळी खारवत आलात. या दोन्ही बरण्यांतलं पाणी जरा जिभेला लावून बघा.

चेला आडवा आला. पण हरिबांना ‘बघा’ म्हटलं, की ते बघणारच. त्यांनी पहिल्या बरणीत बोट बुडवून चाटलं. दुसऱ्या बरणीतलं चाटलं आणि तोंड वाकडं केलं.

“ह्ये तर खारवनाचं पानी हाय,” ते म्हणाले. “मुठीमुठीनं मीठ घातलंय ह्येच्यात.”

मांडवात कुजबुज सुरू झाली. मी अंकिताला वर बोलावलं. सोसायटीच्या टाकीचं पाणी आमच्या दोन्ही बरण्यांत भरलं. एका बरणीत तिनं सगळ्यांसमोर मासळीच्या पोत्यातलं मीठ घालून ढवळलं आणि पाणी निवळू दिलं. सयाजीच्याच खोक्यातले दोन लाल खडे घेतले. खारी बरणी मावशीपुढं ठेवली, साधी हरिबांपुढं.

या वेळी मावशीच्या बरणीत लाल गंध वरच थांबलं. धागे हरिबांच्या बरणीत उतरले.

“म्हंजे आता मी करनी केली व्हय?” हरिबा म्हणाले, आणि मांडवात पहिल्यांदा हशा पिकला.

एक जण उठून म्हणाला, मिठानं तर बर्फ लवकर वितळतो, कुल्फीवाला घालतोच की. प्रश्न चांगला होता. मी सांगितलं, बर्फावर नुसतं मीठ टाकलं तर वितळतो, खरं आहे. इथं मात्र बर्फ मिठाच्या पाण्यात आहे आणि त्याचं स्वतःचं गोडं पाणी त्याच्यावर पांघरूण घालून बसलंय. म्हणून तर महाराज पाय आपटू देत नाहीत, पंखा लावू देत नाहीत. समजा, आता वारं सुटलं. मी अंकिताला खूण केली. तिनं मावशीच्या बरणीत चमचा घालून फिरवला. लाल पांघरूण फाटलं, पाणी सगळं गुलाबी झालं आणि टिकलेला खडा डोळ्यांदेखत विरला.

मग मी त्यांना ध्रुवाकडच्या समुद्राचं सांगितलं. तिथंही असंच पांघरूण, असंच ढवळणं, आणि त्यावर तिथल्या बर्फाचं आणि प्लवकांचं जगणं-मरणं. तसलेच बारीक जीव आपल्या धरणातही आहेत, हे सांगितलं. वरच्या अंगाच्या शहरांची घाण येते, शेतातलं खत धुऊन येतं, ते यांचं खाणं. त्यात पाणी आटलेलं, ऊन रणरणतं, वारा पडलेला. हे जीव मातले की पाणी हिरवं होतं. दिवसा ते पाण्यात प्राणवायू सोडतात, अंधार झाला की तेही तो ओढायला लागतात, आणि जे मरतात ते कुजताना उरलासुरला संपवतात. उजाडायच्या सुमाराला माशांना श्वासच उरत नाही.

“आता मला एक सांगा,” मी विचारलं. “पाणी हिरवं अवसेच्या आधी झालं की नंतर?”

मग मागून एक बाई म्हणाली, “आदी. आट दिस आदी. माझं जाळं हिरवं निगालं व्हतं.”

“मग अवसेच्या भातानं आठ दिवस आधी पाणी कसं बिघडलं?”

या प्रश्नाला प्रयोग लागत नव्हता, बरणी लागत नव्हती. तो कुणालाही पहिल्याच दिवशी विचारता आला असता. मी त्यांना एवढंच म्हणाले, की यापुढं कुणी चमत्कार दाखवला तर भांडू नका, शिव्या देऊ नका. फक्त म्हणा, बरणी आम्हाला निवडू दे. जो ‘नाही’ म्हणेल त्याला ओळखा. आणि माणसावर आळ घेण्याआधी दिवस मोजा.

लोक बरण्यांभोवती गोळा झाले. जो तो बोट बुडवून चाटत होता. त्या गडबडीत सयाजी मांडवाच्या मागच्या बाजूनं निघाला. माझ्याजवळून जाताना थांबला. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता, व्यवहार होता.

“तुमचं तुमी झाका, बाई. मी माझं झाकतो,” म्हणाला, आणि पिकअपकडं गेला.

म्हणजे मी सुटले होते. त्यानं काही बोलायचं नाही, मी काही बोलायचं नाही. इकडं हरिबा भोंगा हातात घेऊन सांगत होते, की बाईंनी गावाचे डोळे उघडले, पंधरा ऑगस्टला बाईंचा शाल-नारळ देऊन सत्कार. बायका माझे हात धरत होत्या. हे पुढच्या रांगेत अजून बसलेलेच होते. कुमारभाऊजी एका खांबाला टेकून उभे होते आणि काही तरी जुळवत असावेत, कारण ते बरणीकडं न बघता माझ्याकडं बघत होते.

केरामावशी गर्दीतून वाट काढत माझ्यापुढं आली. तिनं माझा हात हातात घेतला, वल्ह्यानं घट्टे पडलेल्या तळहातात. मला वाटलं आशीर्वाद देईल. तिनं विचारलं,

“विजे, तुला ह्ये कवा कळलं गं?”

आवाज साधा होता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. ‘काल’ म्हणाले असते तरी तिनं विश्वास ठेवला असता. ‘आत्ताच सुचलं’ म्हणाले असते तरी. मी यांच्याकडं पाहिलं. त्यांनी हळूच मान हलवली, नको म्हणून.

हरिबांच्या हातातून मी भोंगा घेतला, कारण हे एकटीला सांगायचं नव्हतं.

“सयाजीला हे मीच शिकवलं,” मी म्हणाले. “प्रदर्शनात. तो देव करून मांडेल असं वाटलं नव्हतं, पण शिकवलं मी. फेब्रुवारीत कुमारभाऊजींच्या बरणीत लाल उतरलं तेव्हा मी ओळखलं होतं. डोहाची जागा आम्हाला मिळाली म्हणून गप्प बसले. ती जागा तुमची आहे, कुमारभाऊजी. तुमची केळी आमच्या घरानं वाळवली. सयाजी खोटं बोलला, पण त्याचं खोटं चाललं ते खरं ठाऊक असलेली एक बाई तोंड मिटून बसली म्हणून.”

मावशीनं माझा हात सोडला नव्हता, पण तिची बोटं ढिली पडली होती. मी भोंगा खाली ठेवला.

“आणि मावशी, तुझ्या बरणीत पहिला धागा सुटला ना, तेव्हा मला माहीत होतं. तू बरणीकडं बघत होतीस, मी तुझ्याकडं बघत होते. मला तेव्हाच माहीत होतं.”